मोटारीच्या मागील बाजूची न उघडणारी कांच : ती फुटली असतां बदलण्याची रीत

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी उभी असे. आतां पुष्कळ ठिकाणीं तिच्या जागीं बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा तशाच उंच बांध्याची, एस. यू. व्ही. या नांवानें ओळखली जाणारी मोटार दिसते. बैलगाडीचें चाक मोडलें तर सुतार गांवांतच असे आणि त्याचें काम आपल्या डोळ्यांसमोर चाले. मोटारीचें तसें नाहीं. तिचा एखादा भाग बिघडला म्हणजे मालक ती तालुक्याच्या गांवीं नेऊन सोडतो. तेथें काय केलें आणि काय करावयाचें राहिलें, याचा त्याला पत्ता लागत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशा एकाच लहान भागाचा विचार करावयाचा आहे. मागच्या प्रवाशांच्या दारापाठीमागें व डिकीच्या अलीकडे, चाकाच्या वर, जी न उघडणारी कांच बसविलेली असते ती हा भाग होय. कारागीर तिला क्वार्टर कांच म्हणतात.

पुढची कांच तडकली तर मालक त्याच दिवशीं धांवपळ करतो, कारण त्याशिवाय गाडी हांकतां येत नाहीं. या मागच्या कांचेचें मात्र तसें नसल्यामुळें तिच्या जागीं खताच्या गोणीचा तुकडा किंवा पुठ्ठा चिकटवून महिनेच्या महिने गाडी चालविली जाते. ही हयगय महाग पडते. पहिली गोष्ट, पावसाचें पाणी कांचेच्या चौकटीवरून पत्र्याच्या पोकळींत उतरतें आणि तेथें गंज धरतो. मागें युरियाच्या किंवा इतर खतांच्या गोण्या वाहिल्या असतील तर सांडलेलें खत ओल ओढून घेतें व गंजास अधिकच जोर चढतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गाडी चालू असतां तिच्या पाठीमागें हवेचा दाब कमी होतो. मागील बाजूस भोंक असेल तर धुराड्यांतून निघालेला धूर त्या वाटेनें आंत ओढला जातो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं व वास नाहीं, आणि मागच्या बाकावर निजलेल्या मुलास तो सर्वांत आधीं बाधतो. तिसरी गोष्ट अशी कीं, गाडी उलटली तर माणूस बाहेर फेंकलें जाण्यास अशी उघडी जागा एक वाट होते. म्हणून ही कांच केवळ शोभेची आहे असें मानूं नये.

ही कांच एकदम भुगा होऊन कां पडते

पुढची कांच दगड लागला तर तडकते, पण जागीं राहते. बाजूची कांच मात्र एका क्षणांत जोंधळ्याच्या दाण्यांसारखी ढांसळते. पुष्कळांस वाटतें कीं बाजूची कांच हलकी असते. तसें नाहीं; दोन्हींची घडणच निराळी आहे. पुढच्या कांचेंत दोन पातळ तावदानांमध्यें एका चिवट पारदर्शक पदार्थाचा पापुद्रा दाबलेला असतो. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञानें अशा कांचेचें पेटंट १९०९ सालीं घेतलें. बाजूची कांच एकेरीच असते, परंतु ती टफन्ड म्हणजे कणखर केलेली असते. कांच कापून, कडा घांसून व आकार देऊन झाल्यावर ती सुमारें ६२० ते ६५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात आणि हवेच्या जोरदार झोतांनीं एकदम थंड करतात. वरचा थर आधीं आवळतो, आंतला मागाहून निवतो व आकसूं पाहतो. त्यामुळें पृष्ठभाग कायमचा दाबाखालीं व गाभा कायमचा ताणाखालीं राहतो. अशी कांच सपाट बाजूवर बराच मार सहन करते. पण ओरखडा ताणाच्या थरापर्यंत खोल गेला कीं सांठलेला सगळा जोर मोकळा होतो आणि कांचेचे बोथट कण होतात. मोठ्या धारदार सुऱ्या होऊन माणसाची मान कापण्यापेक्षां हें केव्हांही बरें.

यावरून तीन गोष्टी ध्यानांत येतील. या कांचेची सर्वांत नाजूक जागा तिची कड होय. कडेवर बसलेला हलका घाव मध्यावरच्या मोठ्या घावाहून घातक ठरतो. तसेंच, पुढच्या कांचेतला बारीक तडा राळ भरून बुजवितां येतो तसा येथें येत नाहीं; फुटली कीं बदललीच पाहिजे. आणि कणखर केलेली कांच नंतर कापतां किंवा भोंकें पाडतां येत नाहीं. कोणी दुकानदार "मापाची कांच कापून देतों" असें म्हणेल तर तो साधी खिडकीची कांच देत आहे असें समजावें. ती स्वस्त पडते, दिसतेही तशीच, आणि अपघातांत तिच्या सुऱ्या होतात. ती कदापि घेऊं नये.

आपल्याकडे या कांचा फुटण्याचीं कारणें शहरांतल्याहून थोडीं निराळीं आहेत. पेट्रोलवर चालणारें गवत कापण्याचें यंत्र, किंवा ट्रॅक्टरमागील स्लॅशर, बांधावर चालू असतां त्यांच्या पात्यानें उडालेला बोराएवढा खडा कांचेस पुरतो. गाडी अशा कामाच्या जवळ, विशेषतः पातें ज्या बाजूस फेंकतें त्या बाजूस, उभी करूं नये. दुसरें कारण ठिबकच्या नळ्या, फवारणीच्या कांड्या आणि बांबू. हीं लांब सामानें मागें तिरकीं घालून दार ओढून घेतलें म्हणजे त्यांचें टोंक आंतून कांचेच्या कडेवर दाबतें, आणि पहिल्याच खड्ड्यांत कांच जाते. गारपीट आहेच, तिला इलाज नाहीं.

नवी कांच घेतांना

कांच घेण्यास जातांना गाडीचें नोंदणीपुस्तक बरोबर न्यावें व चॅसी नंबर दुकानदारास द्यावा. एकाच नांवाच्या गाडीचे सालागणिक व प्रकारागणिक फरक असतात. बोलेरो इ. स. २००० पासून आणि स्कॉर्पिओ २००२ पासून निघत आहे. इतक्या वर्षांत कांचेचा घाट बदलला नाहीं असें गृहीत धरणें चुकीचें होईल. कांच चालकाच्या बाजूची कीं क्लीनरच्या बाजूची, तिच्यांत रेडिओच्या तारा आहेत काय, कडेची पट्टी तिच्याबरोबर ओतलेली येते कीं वेगळी घ्यावी लागते, आणि रंगाची छटा दुसऱ्या बाजूच्या कांचेशीं जुळते काय, इतकें दुकानांतच पाहून घ्यावें. कांचेच्या कोपऱ्यांत कायमची कोरलेली खूण असते. तिच्यांत भारतीय मानकाची, म्हणजे आय. एस. २५५३ ची, निशाणी आहे कीं नाहीं तें वाचावें. उन्हासाठीं काळी कांच मागण्याचा मोह पुष्कळांस होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०० व्या नियमाप्रमाणें बाजूच्या कांचेंतून निदान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे, हें विसरूं नये.

पूर्वींच्या जीपगाड्यांना मागें कापडी छप्पर असे व हा प्रश्नच नव्हता. नंतरच्या गाड्यांत कांच बसविण्याच्या दोन रीती आल्या, आणि आपल्या गाडीची रीत कोणती हें आधीं ओळखावें. कांचेभोंवतीं बोटानें उचलतां येईल अशी जाड रबराची कड असून तिचा ओठ पत्र्यावर बसलेला दिसला, तर ती रबरांत बसविलेली कांच. कांच पत्र्याशीं समपातळींत असून तिच्या कडेस आंतून काळा पट्टा भाजलेला असेल, तर ती चिकटविलेली. कांहीं चिकटविलेल्या कांचांना मागच्या बाजूस लहान खिळ्यांसारखे आंटेदार दांडेही असतात आणि ते आंतून नटांनीं आवळलेले असतात. हे नट न काढतां कांच ओढल्यास पत्रा वांकतो.

चिकटविलेली कांच बदलणें

पहिलें काम सफाईचें, आणि याच कामांत सर्वांत जास्त टंगळमंगळ होते. हातांत जाड मोजे व डोळ्यांवर चष्मा घालून सुरुवात करावी. चौकटींत राहिलेले तुकडे वरून खालीं काढावे. खालून काढूं लागल्यास वरचे अंगावर येतात. बैठकांवर आधींच जुनी चादर अंथरावी. हवेच्या दाबानें फुंकून कण उडवूं नयेत, कारण ते सीटबेल्टच्या गुंडाळीच्या पेटींत शिरतात व पुढें पट्टा अडकतो. ओढून घेणारें व्हॅक्यूम यंत्र वापरावें. नंतर आंतलें प्लॅस्टिकचें अस्तर काढावें. तें क्लिपांवर बसलेलें असतें आणि पट्ट्याचा बोल्ट पुष्कळदां त्याच्यावरूनच गेलेला असतो. ज्या गाड्यांत छताच्या कडेनें पडद्यासारखी एअरबॅग आहे, तेथें हें काम घरीं करूं नये. कंपनीच्या माहितगार कारागिराकडेच द्यावें. इतर गाड्यांतही बॅटरीची ऋण तार आधीं सोडून ठेवावी. अस्तर निघाल्यावर खालच्या पोकळींत मूठभर तरी कण सांपडतात. ते तसेच राहिले तर गाडी खडखडते आणि पाणी जाण्याचीं तळाचीं छिद्रें बुजतात, म्हणून तीं छिद्रें तारेनें मोकळीं आहेत कीं नाहीं हें अवश्य पाहावें.

एक गोष्ट शेतकऱ्यास मुद्दाम सांगावीशी वाटते. हे कण उकिरड्यावर टाकूं नयेत. कांच कुजत नाहीं. ती शेणखताबरोबर शेतांत जाते आणि खुरपणाऱ्या बाईच्या हातांत किंवा बैलाच्या खुरांत निघते. जुन्या पत्र्याच्या डब्यांत भरून, झांकण बंद करून ते भंगारवाल्याकडे द्यावे.

आतां चौकटीवर जुन्या चिकट पदार्थाची काळी कड दिसेल. हा पदार्थ पॉलियुरेथेन जातीचा असून कारागीर त्याला पीयू म्हणतात. कांचेचा कांहीं भाग त्याला चिकटून राहिला असेल तर धारदार पातें पत्र्याला समांतर धरून तो सोडवावा. कांच साबूत असून केवळ गळतीसाठीं काढावयाची असेल तर पियानोची बारीक तार आरपार घालून, दोघांनीं आंतून-बाहेरून करवतीप्रमाणें ओढून ती सोडवितात. जुनी कड मुळापासून खरवडून पत्रा चकचकीत करणें ही पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. एक ते दोन मिलिमीटर जाडीचा जुना थर राखावा व तो सारखा छाटावा. नव्या पीयूला घट्ट धरण्यास कारखान्यांत बसलेल्या जुन्या थरासारखा दुसरा आधार नाहीं. छाटतांना पातें पत्र्याच्या रंगाला लागून ओरखडा उठलाच, तर त्या ठिकाणीं पत्र्याचा प्रायमर लावून वाळूं द्यावा. गंज असेल तर मात्र तेथचा थर काढून, गंज धातूपर्यंत घांसून, गंजविरोधी रंग देऊन तो पुरता वाळल्यावरच पुढें जावें. या कामाला एक दिवस जास्त लागला तर लागूं द्यावा. गंजावर चिकटविलेली कांच गंजालाच चिकटते, पत्र्याला नव्हे.

येथें सिलिकॉनविषयीं लिहिणें अवश्य आहे, कारण फसगत बहुधा येथेंच होते. नळकांडीचा आकार सारखा, किंमत कमी, व बाजारांत सर्वत्र मिळतें, म्हणून कित्येक कारागीर स्नानगृहाच्या फरशांचें सिलिकॉनच कांचेला लावतात. स्वस्त सिलिकॉनला वाळतांना शिरक्यासारखा उग्र वास येतो. तो ॲसिटिक आम्लाचा असतो व उघड्या पत्र्यास तें आम्ल खातें. शिवाय त्याची पकड पीयूच्या मानानें दुबळी असून एकदां तें पत्र्यास लागलें कीं त्यावर पीयू धरत नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका द्राक्षबागायतदाराची गाडी अशी सिलिकॉन लावून दुरुस्त झाली होती. दोन पावसाळ्यांनंतर खडबडीत रस्त्यावर कांच बाहेरून बोटानें हलूं लागली. अस्तर काढून पाहिलें तेव्हां चौकटीच्या खालच्या कडेचा पत्रा पापुद्र्यांनीं सुटत होता, आणि मग कांचेपेक्षां पत्रेकामाचा खर्च अधिक आला. कामाच्या वेळीं नळकांडीवरचें नांव आपण स्वतः वाचावें व तीवरची मुदतीची तारीखही पाहावी. मुदत संपलेलें पीयू वरून चांगलें दिसतें, पण त्याची पकड भरंवशाची राहत नाहीं.

कांच लावण्यापूर्वीं एकदां कोरडीच चौकटींत धरून पाहावी. चारी बाजूंची फट सारखी आली म्हणजे कागदी चिकटपट्टी कांचेवरून पत्र्यावर लावून ती कडेवर कापावी. पुढें त्याच खुणेवर कांच अचूक बसते. नंतर कांचेची आंतली कड आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून काळ्या पट्ट्यावर कांचेचा प्रायमर एकाच हातानें, मागें न फिरतां, लावावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ वाळूं द्यावा. त्या जागीं मग बोट लावूं नये. हाताचा तेलकटपणा पकड घालवितो. काळा पट्टा शोभेसाठीं नाहीं. उन्हांतील अतिनील किरणांनीं पीयू कुजतें, आणि हा पट्टा त्याच्यावर सावली धरतो.

नळकांडीच्या चोंचीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खांच पाडावी, म्हणजे पीयूची धार त्रिकोणी पडते : बुडाशीं सुमारें ८ मिलिमीटर रुंद व १२ मिलिमीटर उंच. धार अखंड असावी. सुरुवात कोपऱ्यांत न करतां सरळ बाजूच्या मध्यावर करावी व शेवट तेथेंच आणून थोडा चढवावा, नाहीं तर सांध्यांतून पाणी वाट काढतें. पीयू हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतें. म्हणून कोंकणांत पावसाळ्यांत त्यावर साय लवकर धरते, आणि सोलापूरकडे कोरड्या हिवाळ्याच्या रात्रीं तें आंतपर्यंत वाळण्यास जास्त वेळ घेतें. साय धरण्यापूर्वीं कांच चौकटींत बसलीच पाहिजे. दोघांनीं ती खुणेवर नेऊन तळहातानें सारखी दाबावी, मुठीनें ठोकूं नये, आणि चिकटपट्ट्यांनीं दिवसभर धरून ठेवावी. आंत दांडे असतील तर नट हलक्या हातानें आळीपाळीनें आवळावे. ते जोरानें आवळल्यास कांचेच्या कडेवर ताण येऊन ती तेथच्या तेथें फुटते.

गाडी केव्हां हलवावी याचा वेळ प्रत्येक नळकांडीवर निराळा छापलेला असतो आणि तोच पाळावा. निदान पहिला दिवस पुढील एक कांच दोन बोटें उघडी ठेवावी. बंद गाडीचें दार आपटलें म्हणजे आंतली हवा दाबली जाते व ओली कांच बाहेर ढकलते. चांगल्या कामाची गळती पुष्कळदां याच एका आपटण्यानें सुरूं होते. दोन दिवस गाडी जोरदार फवाऱ्यानें धुऊं नये व नांगरलेल्या रानांतून नेऊं नये. एका दिवसानंतर, अस्तर बसविण्यापूर्वीं, पाण्याची परीक्षा घ्यावी. एकानें बाहेरून साध्या नळीनें, दाब न देतां, खालून वर हळूहळू पाणी सोडावें आणि दुसऱ्यानें आंत विजेरी घेऊन पाहावें. वरूनच पाणी ओतलें तर तें सगळीकडे वाहून गळती नेमकी कोठें आहे हें समजत नाहीं. गळती नसल्यास अस्तर बसवावें. सीटबेल्टचा बोल्ट पूर्ण आवळला आहे याची खात्री मालकानें स्वतः पाना लावून करावी.

रबरांत बसविलेली कांच

ही रीत जुन्या गाड्यांत आढळते व सोपी आहे. दोघे जण घरीं हें काम करूं शकतात. रबर उन्हानें कडक होऊन त्यावर बारीक भेगा पडल्या असतील तर नवेंच घ्यावें. तें घटकाभर उन्हांत किंवा कोमट पाण्यांत ठेवून मऊ करावें आणि आधीं कांचेभोंवतीं चढवावें. रबराच्या ज्या खांचेंत पत्र्याची कड बसते तींत तीन-चार मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सभोंवार घालावी व तिचीं टोंकें खालच्या बाजूस मध्यावर एकमेकांवरून वीतभर नेऊन मोकळीं सोडावीं. पत्र्याच्या कडेला साबणाचें पाणी लावावें; तेल, ग्रीस किंवा रॉकेल लावूं नये, त्यांनीं रबर फुगतें. एकानें बाहेरून कांच चौकटीवर दाबून धरावी, दुसऱ्यानें आंतून दोरीचें एक टोंक कांचेच्या मध्याकडे ओढीत जावें. दोरी निघत जाते तसतसा रबराचा ओठ पत्र्यावरून उडी घेऊन आंत येतो. ज्या रबरांत वेगळी आवळपट्टी असते, तींत ती सर्वांत शेवटीं बसवावी.

कांच मिळेपर्यंत

गाडीच्या घाटाप्रमाणें कांच येण्यास कित्येक दिवस लागतात. तोंपर्यंत पॉलिहाउसचा उरलेला २०० मायक्रॉनचा कागद उत्तम. मल्चिंगचा कागद फार पातळ असून वाऱ्यानें फाटतो. रंगावर आधीं कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर जाड पट्टी लावावी, म्हणजे काढतांना रंग सोलत नाहीं. कागद बाहेरून, वरची कड खालच्या कडेवर येईल असा लावावा. गाडी हांकतांना पुढच्या कांचा थोड्या उघड्या ठेवून पुढचा पंखा चालू ठेवावा, म्हणजे धूर आंत ओढला जाणार नाहीं. मुलांना त्या बाजूस बसवूं नये आणि कीटकनाशकांच्या बाटल्या त्या बाजूच्या मागच्या जागेंत ठेवूं नयेत.

विमा सर्वसमावेशक असेल तर फुटलेली कांच त्यांत येते. मात्र दुरुस्तीपूर्वींच कंपनीस कळवावें. कांच बदलून झाल्यावर कळविल्यास पाहणी करण्यास कांहीं उरत नाहीं. तुकडे काढण्यापूर्वीं बाहेरून व आंतून छायाचित्रें घ्यावीं, गाडीचा नंबर एकांत तरी दिसावा. भरपाई मागावी कीं नाहीं याचा हिशोब आधीं मांडून पाहावा. मागील वर्षांत भरपाई न मागणाऱ्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्क्यांपासून चढत जाऊन पांच वर्षांनीं ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि ती राखण्याची वेगळी तरतूद घेतलेली नसल्यास एका मागणीनें जाते. पॉलिसींत लिहिलेली अनिवार्य वजावटही मालकाच्याच माथीं येते. लहान कांचेचा खर्च या दोहोंच्या बेरजेहून कमी भरला तर तो पदरचाच करावा. दुरुस्तीचें बिल मात्र दोन्ही परिस्थितींत घ्यावें, आणि त्यांत कांच, रबर किंवा पीयू, प्रायमर व मजुरी यांचे आंकडे वेगवेगळे लिहवून घ्यावे.